वाचकांचे प्रश्न : वादळ, बातमी आणि वाडीवरची माणसं

पावसाळ्याआधीच्या या अंकासाठी ‘वादळ आणि बातम्या’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून काही निवडली आहेत आणि लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत. मी दक्षिण रायगडात अनेक वर्षं तालुका वार्ताहर म्हणून काम केलं. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ तिथंच राहून पाहिलं, त्यामुळे उत्तरांत ते वारंवार येईल.

प्रश्न : ताई, माझं माहेर दिवेआगरचं. निसर्ग वादळाच्या दिवशी मी पुण्यात सकाळपासून टीव्हीसमोर बसून होते. मरीन ड्राइव्हच्या लाटा, वर्सोव्याचा किनारा, पुन्हा मरीन ड्राइव्ह. संध्याकाळी ‘मुंबईवरचं संकट टळलं’ म्हणाले आणि विषय संपला. आईचा फोन पाच दिवसांनी लागला तेव्हा कळलं, घरावर एक कौल राहिलेलं नाही. आमचं गाव बातमीत का नव्हतं?
— एक वाचक, पुणे

आईचा फोन पाच दिवस लागला नाही, यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. त्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. आधी विजेचे खांब आडवे झाले, मग मोबाइलचे टॉवर बंद पडले, मग झाडं पडून रस्ते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, म्हसळा हा सगळा पट्टा एकदम मुका झाला. मुंबईत मात्र वीज होती, नेट होतं, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा होता. ज्यांना कमी लागलं त्यांच्याकडून हजारो चित्रं आली आणि ज्यांना जास्त लागलं त्यांच्याकडून एकही आलं नाही. वृत्तवाहिनीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला जे येतं ते दिसतं. जिथून काहीच येत नाही तिथे काहीतरी भयंकर झालं असेल, अशी शंका यायला त्या माणसाला किनारा माहीत असावा लागतो.

उरलेलं निम्मं उत्तर वाऱ्यात आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ते ज्या दिशेला सरकत असतं तिच्या उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात, डाव्या हाताला एकमेकांतून वजा होतात. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं. त्याच्या उजव्या हाताला मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोली. डाव्या हाताला मुंबई. म्हणजे मुंबईवरचं संकट टळलं ही बातमी खरीच होती. तिच्या पुढचं वाक्य मात्र कुणी लिहिलं नाही.

मुंबईची काळजी केली म्हणून मी कुणाला दोष देणार नाही. करोनाचे दिवस होते, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या केंद्रातले रुग्ण ऐन वेळी हलवावे लागले होते. एवढ्या मोठ्या शहरावर वादळ आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. पण संध्याकाळी सहा वाजता, मुंबई सुखरूप आहे हे कळल्यावर, एका तरी संपादकानं नकाशा उघडून ‘मग ते गेलं कुठं?’ असं विचारायला हवं होतं. मी माझी पहिली बातमी कागदावर लिहून, औषधं आणायला निघालेल्या एका गाडीबरोबर धाडली. ती छापून आली तेव्हा आतल्या पानावर, एका कोपऱ्यात आली, कारण तोवर वादळ ‘जुनं’ झालं होतं. त्या वेळी दिवेआगरच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आडवं झालेलं होतं, लोक ताडपत्रीखाली झोपत होते आणि पावसाळा तोंडावर होता. अनेक गावांत वीज यायला पुढे कित्येक आठवडे लागले. विहिरीवरचा पंप विजेवर, त्यामुळे पाणीही नाही. टाळेबंदीत दुकानं बंद, पत्रे आणि कौलं मिळेनात. मुंबईच्या मुलांना गावी येऊन छप्पर घालायचं तर ई-पास काढायचा, गावात शिरल्यावर विलगीकरणात राहायचं. हे सगळं जूनभर चाललं होतं. तुमच्या आईनं हे दिवस कसे काढले ते तुम्ही लिहून ठेवा, असं मी तुम्हाला आग्रहानं सांगेन. वर्तमानपत्रांच्या फायलींत ते सापडणार नाही.

प्रश्न : आमची मुरूड तालुक्यात नारळ-सुपारीची सामाईक वाडी, म्हणजे बाग आहे. आम्ही चार भाऊ, दोन मुंबईत. बातम्यांत ‘हेक्टरी 50 हजार’ ऐकून नातेवाईक आमचं अभिनंदन करत होते. हातात आलेली रक्कम सांगायला लाज वाटते. बातमी खोटी होती का?
— एक बागायतदार

बातमी खोटी नव्हती, पण हेक्टर हे माप तुमच्या वाडीचं नव्हतं. राज्य सरकारनं जुन्या निकषांपेक्षा मदत वाढवली, फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला 95,100 ऐवजी दीड लाख केले. देशावरच्या माणसाला हेक्टरी 50 हजार हा आकडा चांगला वाटतो. आपल्याकडे वाडी गुंठ्यात मोजतात. एक हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. सुपारी पावणेतीन मीटरवर लावली तर गुंठ्यात तेरा झाडं बसतात. एका झाडाला चाळीस रुपयेही पडत नाहीत. पडलेली पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, तोडून, ओढून वाडीबाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी लागते. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार, आणि सात-बारावर चार नावं असली तर त्यातही चौघांची संमतिपत्रं, त्यांतले दोघे टाळेबंदीत मुंबईला अडकलेले.

पोफळीचं दुखणं बातमीदारांना कळलं नाही, कारण ते झाड त्यांच्या ओळखीचं नाही. आंब्याची फांदी मोडली तर झाड पुन्हा फुटतं. पोफळ-माडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो मोडला की झाड संपलं. नवं रोप लावून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात. शिवाय ही झाडं एकमेकांच्या आडोशानं उभी असतात. बाहेरची ओळ गेली की आतली वाऱ्याला आणि उन्हाला उघडी पडते, खोडं भाजतात, आणि त्यांच्या सावलीतली जायफळं, खोडांवर चढवलेले मिरीचे वेल पुढच्या उन्हाळ्यात वाळतात. म्हणजे 3 जूनचं नुकसान 2021 च्या मे महिन्यापर्यंत चालूच होतं. श्रीवर्धनी रोठा या सुपारीचं नाव सगळीकडे आहे, पण ज्यांनी आजोबांनी लावलेल्या झाडांवर संसार केले त्यांच्या सहा-सात रिकाम्या वर्षांची बातमी मला कुठं वाचायला मिळाली नाही.

स्थानिक बागायतदारांनी आणि जिल्ह्यातल्या छोट्या वर्तमानपत्रांनी गुंठ्याचा हा हिशेब लावून धरला. पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. रक्कम तुटपुंजीच आहे. पण मोजायचं कसं हा प्रश्न लोकांनी विचारला तेव्हा मोजमाप बदललं, हे लक्षात ठेवा. लाज तुम्हाला वाटायचं काहीच कारण नाही.

प्रश्न : वादळ सगळ्यांवर सारखंच येतं ना? मग वेगवेगळ्या समाजांच्या नुकसानीची वेगळी चर्चा करून आपण दुफळी तर माजवत नाही?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, वारा सगळ्यांवर सारखाच आला. पण वाऱ्याखाली जे होतं ते सारखं नव्हतं, आणि नंतर ज्या कागदावर मदत मिळते तो कागद सगळ्यांकडे नव्हता.

एकाच तालुक्यातली माणसं बघा. बागायतदाराचं मी वर लिहिलंच. त्याच्या वाडीत माडावर चढून नारळ पाडणारा, सुपारी सोलणाऱ्या बायका यांचं स्वतःचं एकही झाड पडलं नाही, म्हणून पंचनाम्यात त्यांचं नाव नाही. झाडंच राहिली नाहीत म्हणून त्यांची पुढच्या कित्येक वर्षांची मजुरी मात्र गेली. कोळीवाड्यात धोक्याचा बावटा लागल्याबरोबर होड्या खाडीत आत आणून बांधल्या होत्या, तरी कित्येक एकमेकींवर आपटून फुटल्या. होडीची नोंद असते, तिचा पंचनामा होतो. सुकी मासळी भिजून गेली ती कोळणीची, तिची नोंद कुठं नसते. बोंबील, जवळा उन्हाळाभर वाळवून पावसाळ्यात विकायचा, त्यावर घर चालवायचं, हा तिचा हिशेब तिच्या डोक्यात असतो. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मुसलमान मोहल्ल्यांत कितीतरी घरं आखाती देशांतल्या पैशावर उभी आहेत. त्या साली तिकडच्या नोकऱ्या करोनानं गेलेल्या, इकडे छप्पर गेलेलं, आणि घरात म्हातारी माणसं आणि बायकाच. बाहेरचा पत्रकार त्यांची पक्की घरं बघून पुढे गेला.

आणि कातकरी आदिवासींच्या वाड्या, म्हणजे वस्त्या. रायगडातले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वादळ आलं तेव्हा बहुतेक नुकतेच घरी आलेले होते. कुडाच्या भिंती, वर पेंढा किंवा जुने पत्रे. घराखालची जमीन बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या रजिस्टरात घराची नोंद नाही. पडलेल्या घरासमोर तलाठी उभा राहिला तरी लिहिणार काय? एका वाडीवर एक म्हातारी मला म्हणाली, ‘बाय, आमचं घर पडलं हे खरं, पण ते उभं होतं हे कुठं लिवलंय?’ तिच्या या वाक्यापुढे मला बोलता आलं नाही.

बरं, त्या वाडीचा फोटोही फारसा कुणी घेत नाही. कुडाचं घर पडलं की ढीग दिसतो, आणि ते आधीही असंच दिसत असेल असं बाहेरच्याला वाटतं. दुमजली कौलारू घराचं आढं मोडलेलं दिसतं तेव्हा नुकसान ‘दिसतं’. सगळ्यांचं दुःख एकच म्हणून लिहिलं की ज्याचं दुःख कागदावर आणि फोटोत बसतं त्याचंच तेवढं लिहिलं जातं. हे बोलल्यानं दुफळी माजते असं मला वाटत नाही. त्याच दिवसांत मोहल्ल्यातली पोरं आणि आळीतली पोरं एकत्र रस्त्यावरची झाडं तोडत होती, कुऱ्हाडी एकमेकांच्या वापरत होती.

प्रश्न : फयान वादळात माझे काका समुद्रात गेले ते आलेच नाहीत. तेव्हा दोन दिवस बातम्या आल्या, मग नाही. बेपत्ता माणसांचं पुढं काय होतं हे कुणी का लिहीत नाही?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

फयान 11 नोव्हेंबर 2009 ला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. ऐन मासेमारीच्या हंगामात, होड्या खोल समुद्रात असताना. कोकणातले कित्येक मच्छीमार परतले नाहीत. बातमीला आकडा लागतो, आणि मृतांच्या आकड्यात बेपत्ता माणूस बसत नाही. मृतदेह मिळाला नाही तर मृत्यूचा दाखला नाही, आणि कायद्यानं माणूस मृत धरायचा तर एरवी सात वर्षं वाट बघावी लागते. तोवर विमा अडतो, बँकेचं खातं अडतं, होडीवरचं कर्ज मात्र चालू राहतं. तुमच्या काकूंनी ही वर्षं कशी काढली असतील याची मला कल्पना आहे, कारण अशा घरी मी बसले आहे. त्या घरातली बाई कुंकू लावायचं की नाही हेही ठरवू शकत नाही, आणि शेजारपाजार तिच्या कपाळाकडे बघत असतो.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांच्या निवासाचा पी-305 हा मोठा तराफा बुडाला, त्यावर 261 माणसं होती. तेव्हा नौदलाच्या बचावाची दृश्यं देशभर दिसली, ती दिसायलाच हवी होती. पण मेलेल्यांत अनेक कंत्राटी कामगार होते, ठिकठिकाणच्या राज्यांतून आलेले, आणि कित्येकांची ओळख डीएनए चाचणीनं पटवावी लागली. त्यांचे नातेवाईक मुंबईत थांबून होते तोवर कॅमेरे बरेचसे निघून गेले होते. काकूंचा मदतीचा दावा अजून अडकलेला असेल तर सगळे कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे वकील मोफत मिळतो.

प्रश्न : कोकणात वादळ आलं की आठ दिवस आधीपासून बातम्या. आमच्याकडे गारपिटीनं संत्र्याचा बहार झडतो, माणसं वीज पडून मरतात, त्याची एक ओळ येत नाही. विदर्भ महाराष्ट्रात नाही का?
— एक संत्रा उत्पादक, नागपूर जिल्हा

तुमचा राग रास्त आहे. चक्रीवादळाला नाव असतं, उपग्रहाचं चित्र असतं, ते कुठं पोचलं हे तासातासाला सांगता येतं. वाहिन्यांना तयारी करायला वेळ मिळतो. गारपीट पंधरा मिनिटांत येऊन जाते आणि तिला नाव नसतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती कुठल्याही चक्रीवादळाइतकीच मोठी आपत्ती होती, गहू-हरभऱ्यापासून द्राक्ष-संत्र्यापर्यंत सगळं गेलं. तरी शहरातल्या वाचकाला ती तारखेनं आठवत नाही. फक्त एवढंच सांगते, ‘कोकणाला’ बातमी मिळते हे पूर्ण खरं नाही. वादळ येईपर्यंतची बातमी मिळते. ते येऊन गेल्यानंतर कोकणातला माणूस आणि तुम्ही एकाच रांगेत उभे असता.

प्रश्न : मी तीस वर्षं कोलकात्यात राहते. 20 मे 2020 ला अम्फान आलं तेव्हा दिल्लीच्या वाहिन्यांना आमची पर्वा नव्हती. महाराष्ट्रातही मला कुणी फोन केला नाही.
— एक वाचक, कोलकाता

फोन आला नाही याचं वाईट वाटलं. अम्फान आणि निसर्ग यांत दोन आठवड्यांचं अंतर होतं, आणि आपल्याकडे बहुतेकांना बंगालमधल्या वादळाचं नाव तेवढं माहीत होतं. पण तुमच्या पत्रात पुढे एक ओळ आहे ती मला फार मोलाची वाटली. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई सुंदरबनातल्या, आणि त्यांचं म्हणणं की कोलकात्यातली पडलेली झाडं सगळ्यांनी दाखवली, आमच्या गावचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं ते कुणी दाखवलं नाही. खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढे काही वर्षं भात धड येत नाही, हे आमच्या खारभूमीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, लोकांना सांगावं लागत नाही. ही उतरंड सगळीकडे तीच आहे. दिल्लीला कोलकाता दिसत नाही, कोलकात्याला सुंदरबन. मुंबईला श्रीवर्धन दिसलं नाही, आणि श्रीवर्धनच्या बाजारपेठेतून कातकरी वाडी दिसत नाही. आपण स्वतः कुठल्या पायरीवर उभे आहोत त्याखाली बघायची सवय लावून घ्यावी लागते. तुम्ही त्या बाईंचं ऐकून पत्रात लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

प्रश्न : 1882 साली मुंबईत वादळानं लाखभर माणसं मेली, असा संदेश दर जूनला येतो. खरं काय?
— एक वाचक, डोंबिवली

असं वादळ झालंच नाही. कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळांवर 2019 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात ही नोंद निराधार असल्याचं दाखवलं आहे. त्या काळी मुंबईत इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रं निघत होती. लाखभर माणसं मेली असती तर ही वर्तमानपत्रं गप्प बसली नसती. निसर्गच्या वेळी ‘शंभर वर्षांत असं वादळ आलं नाही’ असंही सांगितलं गेलं. जून महिन्यापुरतं बोलायचं तर ठीक, पण फयान त्याआधी अकराच वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर आलं होतं. ज्या घरांतली माणसं फयानमध्ये गेली त्यांनी हे वाक्य टीव्हीवर ऐकलं असेल, हा विचार मला आजही त्रास देतो.

प्रश्न : मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढचं वादळ आलं आणि मला पाठवलं, तर मी कुठं जाऊ?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

जिथून फोन लागत नाही तिथं. निघण्याआधी हवामान खात्याचं पत्रक वाच, वादळाची वाट नकाशावर आख आणि तिच्या उजव्या हाताची गावं लिहून घे. टॉर्च, पॉवर बँक, कोरडा खाऊ आणि पाणी स्वतःचं ने. तिथल्या लोकांच्या पाण्यावर आपला भार नको. किनाऱ्यावर उभं राहून वाऱ्यात बोलत राहू नकोस. त्यानं धोका वाढतो, माहिती वाढत नाही. स्थानिक वार्ताहराला सोबत घे आणि बातमीवर त्याचंही नाव येईल असं बघ. गावात गेल्यावर सरपंच भेटतीलच, नंतर विचार की मजुरीला कोण जातं, ती माणसं कुठं राहतात. बायकांशी बायकांच्यात बसून बोल, पुरुषमंडळी उभी असताना नाही. कुणाचा रडतानाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस.

आणि दोन महिन्यांनी स्वतःच्या खर्चानं का होईना, परत जा. तोवर मदतीच्या याद्या तयार झालेल्या असतात. ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात यादी माग, दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज कर. ती यादी हातात घेऊन वाडीवर जा, घरोघरी नावं वाचून दाखव, आणि ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांच्यापासून लिहायला सुरुवात कर.